लिंबू-मीठ चोळून दातांची सणक जात नाही हो, उलट वाढते

फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय, "दात शिवशिवतात? लिंबाच्या फोडीवर मीठ घालून सात दिवस चोळा, सेन्सिटिव्हिटी मुळासकट गायब!" अहो, नका करू असलं काही. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या आसपास असतो आणि साधारण ५.५ च्या खाली गेलं की दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल विरघळायला लागतं, त्यात त्या मऊ पडलेल्या कवचावर मिठाचे कण घासायचे म्हणजे पॉलिश पेपरच मारला की.

सणक येते ती इनॅमल झिजल्यामुळे किंवा हिरडी सरकल्यामुळे, आतला डेंटिन नावाचा थर उघडा पडतो, त्यात बारीक बारीक नळ्या असतात, गार पाण्याचा घोट घेतला की नळ्यांतलं पाणी हलतं आणि आतल्या नसेला ते लगेच कळतं. आमच्या आजीचे दात मिश्रीने घासून घासून हिरडीपाशी असे खाचले होते की नख अडकायचं, माठातलं पाणीसुद्धा एका गालातनं प्यायची.

पोटॅशियम नायट्रेटवाली पेस्ट आणि मऊ ब्रश घ्या, रोज दोनदा, पण दोन-चार आठवडे तरी द्या, तिसऱ्या दिवशी "काय फरक नाय" म्हणून सोडू नका. फेस थुंकला की बास, खळखळून चूळ नको. चिंच, कोकम सरबत झाल्यावर अर्धा तास ब्रशला हात लावू नका.

आणि गार पाणी गिळून झाल्यावरही कळ रेंगाळत असेल किंवा एकच दात रात्री ठणकत असेल तर कीड आतपर्यंत गेलेली असू शकते, तिथे पेस्ट कामाची नाही, सरळ डेंटिस्ट गाठा.