बुडवण्याआधी मास्क सुटा करा

पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंग भरलेल्या गोळ्या झाडण्याचा खेळ. तो खेळणाऱ्यांमध्ये चेहऱ्यावरचा संरक्षक मास्क रंगवण्याची एक कृती अधूनमधून फिरत असते. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: "मास्कला नवा रंग हवाय? मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, कपड्यांचा रंग टाका, रंग पक्का व्हावा म्हणून मीठ नाहीतर व्हिनेगर घाला. प्लॅस्टिकची छिद्रं उघडण्यासाठी थोडं अ‍ॅसिटोन ओता आणि मास्क लेन्ससकट अर्धा तास बुडवून ठेवा. कोणतंही प्लॅस्टिक रंगतं. रंग आत मुरतो, त्यामुळे मजबुतीला धक्का लागत नाही. चष्मेवालेसुद्धा हेच करतात. मास्क हव्या त्या रंगाचा होतो, आणि स्प्रेच्या रंगापेक्षा हे बरं." सोबत पांढऱ्याचा निळा झालेल्या मास्कचा फोटो.

फोटो खोटा नसतो, घोळ तिथेच होतो. मी स्वतः मास्कचे कान आणि खालचा जबड्याचा भाग रंगवला आहे आणि रंग छान चढला आहे. त्यामुळे "घरी असलं काही करूच नका" असं सांगायला मी बसलेलो नाही. माझा आक्षेप 'लेन्ससकट' या शब्दावर आणि त्यामागच्या समजुतीवर आहे. मास्क ही एक वस्तू नाही. लेन्स, तिला धरणारी फ्रेम, लवचिक जबडा, कान, फोम, पट्टा, खटके हे सगळे वेगवेगळ्या जातीचे तुकडे आहेत. गरम पाण्याशी, रंगाशी आणि द्रावकाशी (म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाशी) प्रत्येकाचं वागणं वेगळं. ती कृती या सगळ्यांना एकाच पातेल्यात कोंबते.

"कोणतंही प्लॅस्टिक रंगतं"

नाही रंगत. नायलॉन उत्तम रंग धरतं, कारण त्याच्या रेणूंच्या साखळ्यांना रंगाला पकडून ठेवणाऱ्या जागा असतात. टीपीयू या रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकवरही रंग चांगला चढतो. पॉलिप्रॉपिलीन मात्र अगदी कोरडं. त्यात रंगाचा रेणू धरून बसेल असं काहीच नाही, त्यामुळे तासभर उकळलं तरी बाहेर काढून धुतल्यावर ते जवळजवळ पहिल्यासारखंच दिसतं.

तुकडा कशाचा आहे हे कसं कळणार? आतल्या बाजूला बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती आधी पाहा. पीए म्हणजे नायलॉन, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट. अक्षरं नसतील तर तुकडा साध्या पाण्यात टाका आणि अडकलेले बुडबुडे झटकून टाका. पाण्याची घनता १, पॉलिप्रॉपिलीनची ०.९ च्या आसपास, म्हणून ते तरंगतं. नायलॉनची १.१४ आणि पॉलिकार्बोनेटची १.२, म्हणून ते बुडतात. तरंगणाऱ्या कडक तुकड्याचा नाद सोडा. बुडणारा तुकडा रंगेलच अशी खात्री मात्र ही चाचणी देत नाही. वर मुळातच रंगाचा किंवा मऊ स्पर्शाचा थर दिलेला असेल तर डाय, म्हणजे पाण्यातला कपड्यांचा रंग, खाली पोचतच नाही.

"मीठ नाहीतर व्हिनेगर"

हे दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात हा समज सुती कपड्यांवरून आला आहे. मीठ सुताच्या रंगाला मदत करतं. नायलॉनला लागतं आम्ल. आम्लात नायलॉनच्या साखळ्यांच्या टोकांवर धन प्रभार येतो आणि ऋण प्रभाराचा रंग तिथे जाऊन चिकटतो. म्हणजे नायलॉनसाठी व्हिनेगर, आणि मीठ राहू दे स्वयंपाकात. अजून एक बारकावा: सगळ्या कपड्यांना चालतो म्हणून विकला जाणारा रंग बहुधा मिश्रण असतो. त्यातला सुताचा हिस्सा पाण्यातच राहतो आणि नायलॉनचा हिस्सा तेवढा चढतो. म्हणून डब्यावरची छटा आणि तुकड्यावरची छटा जुळत नाही. यात तुमची काही चूक नसते.

"छिद्रं उघडण्यासाठी थोडं अ‍ॅसिटोन"

प्लॅस्टिकला छिद्रं नसतात. अ‍ॅसिटोन रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरतं, त्यांना फुगवून सैल करतं आणि त्या सैल जागेतून रंग आत जातो. मग हे कोणत्या प्लॅस्टिकवर होतं ते पाहा. नायलॉनवर अ‍ॅसिटोनचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे तिथे ते घालून काही साधत नाही. एबीएस हे कडक प्लॅस्टिक त्यात विरघळतं. पॉलिकार्बोनेट फुगतं, धुरकट होतं आणि त्यावर ताण असेल तर केसासारखे तडे जातात. म्हणजे ज्या तुकड्याला अ‍ॅसिटोन सोसतं त्याला त्याची गरज नाही आणि ज्याच्यावर ते काम करतं त्याची वाट लावतं. "पण पाणी घालून पातळ केलेलं असतं की," असं उत्तर येतं. पातळ केल्याने हानी हळू होते. पण रंग आत शिरतोय म्हणजे द्रावक आत शिरलाय, हे तर उघडच आहे.

आणि शेगडी! अ‍ॅसिटोन ५६ अंश सेल्सियसला उकळतं आणि उणे २० अंशांनाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती पातेल्याच्या काठावरून खाली, सरळ ज्योतीकडे उतरते. उकळत्या पाण्यात अ‍ॅसिटोन ओतायला सांगणाऱ्याने हा प्रयोग स्वतः गॅसवर केला असेल तर तो नशीबवान आहे, एवढंच म्हणेन.

"लेन्ससकट, चष्मेवालेही हेच करतात"

या मुद्द्यावर थांबायला हवं, कारण तो ऐकायला पटतो आणि अर्धा खराही आहे. चष्म्याच्या काचा गरम रंगाच्या कुंडात बुडवून खरोखरच रंगवल्या जातात. पण त्यासाठी ज्या काचा प्रसिद्ध आहेत त्या सीआर-३९ या प्लॅस्टिकच्या. ते १९४० च्या दशकात आलेलं, साचात ओतून घट्ट होणारं प्लॅस्टिक, आणि ते रंग मुकाट्याने पितं. पेंटबॉलची लेन्स असते पॉलिकार्बोनेटची. ते १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मन श्नेल यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनिएल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे शोधलं. घाव सोसण्यात त्याचा हात धरणारं पारदर्शक प्लॅस्टिक विरळाच, पण रंग घ्यायला ते नाखूष. चष्म्याच्या पॉलिकार्बोनेट काचेला रंग देतात तेव्हा तो बहुतेक करून तिच्यावरच्या, रंग पिईल अशाच बेताने दिलेल्या थरात बसतो. काचेच्या गाभ्यात नव्हे. तुमच्या मास्कच्या लेन्सवर असा थर असेल असं गृहीत धरायला काहीच आधार नाही.

तिच्यावर असतं ते वेगळंच. बाहेरच्या बाजूला ओरखडे रोखणारा कडक थर, आतल्या बाजूला धुकं धरू नये म्हणून पाणी पसरवणारा थर. हा आतला थर इतका नाजूक की तो साध्या कापडानेही जोरात पुसायचा नसतो. अर्धा तास गरम आंबट पाण्यात ठेवल्यावर त्याचं काय उरेल? थर्मल लेन्समध्ये तर दोन पडदे असतात, मध्ये हवा आणि कडेने चिकटवलेली फोमची पट्टी. त्या फटीत रंगीत पाणी एकदा शिरलं की ते बाहेर काढायला वाट नसते.

पॉलिकार्बोनेट साधारण १४५ अंशांपुढे मऊ पडतं, त्यामुळे उकळत्या पाण्यातून लेन्स आहे तशीच बाहेर येते आणि माणूस फसतो. "बघा, काही झालं नाही." थर सोडले तर नुसत्या गरम पाण्यात अर्ध्या तासाने तिच्या प्लॅस्टिकचं फार बिघडत नाही हेही मान्य. बिघडवतं ते द्रावक, आणि ते डोळ्यांना दिसेलच असं नाही.

समोरून येतं काय, तेही एकदा मोजून घ्या. ०.६८ कॅलिबरची, म्हणजे ०.६८ इंच व्यासाची गोळी सुमारे ३ ग्रॅमची. मैदानावर वेगाची नेहमीची कमाल मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ९१ मीटर. गणित केलं तर साडेबारा ज्यूलच्या आसपास ऊर्जा होते. एक किलोचं वजन सव्वा मीटरवरून पडावं तेवढी, आणि तीही डोळ्याच्या खोबणीत मावणाऱ्या गोळीत. पेंटबॉलच्या डोळासंरक्षणासाठी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ १७७६ हे वेगळं मानक याच कारणाने आहे. त्याची चाचणी कारखान्यातून निघालेल्या लेन्सवर होते, पातेल्यातून निघालेल्या लेन्सवर नव्हे. रंगीत लेन्स हवी असेल तर त्याच मास्कसाठी बनवलेली रंगीत लेन्स घ्या. खर्च होतो, पण लेन्स तशीही ठरावीक काळाने बदलायचीच असते.

"मजबुतीला धक्का लागत नाही"

इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. एक गट म्हणतो काहीच होत नाही, दुसरा म्हणतो प्लॅस्टिक ठिसूळ होऊन फुटतं. नायलॉनचा जबडा किंवा कान ८०-९० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवले तर ते ठिसूळ होत नाहीत. उलट नायलॉन पाणी पितं आणि ओलं नायलॉन कोरड्यापेक्षा जास्त चिवट असतं.

पण पाणी पिणारी वस्तू फुगतेही. नायलॉन ६ हा नायलॉनचा प्रकार पूर्ण भिजला तर आपल्या वजनाच्या नऊ टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकतं. पातेल्यातल्या अर्ध्या तासात तो आकडा गाठला जात नाही, तरी पाणी जितकं गरम तितकं ते भराभर शिरतं आणि बाहेर पडायला मात्र दिवस घेतं. कानाच्या तुकड्याला याने काही फरक पडत नाही. फ्रेमला पडतो. फ्रेमला एक खाच असते, त्या खाचेत लेन्सची कड बसते आणि खटके तिला धरून ठेवतात. साचातून निघताना प्लॅस्टिकमध्ये राहून गेलेला ताण गरम पाण्यात सुटतो आणि फ्रेमला किंचित पीळ पडतो. टेबलावर ठेवलेल्या फ्रेममध्ये तो दिसणारही नाही. पण एखाद्या कोपऱ्यात लेन्सची पकड मिलिमीटरभर कमी झाली तर गोळी तिथे लागल्यावर लेन्स न फुटताही जागेवरून सुटू शकते. न फुटलेली, शाबूत लेन्स गालावर आणि डोळा उघडा. लेन्स पक्की आहे का एवढंच विचारणाऱ्यांच्या लक्षातून हे नेमकं निसटतं.

म्हणून माझी वाटणी सरळ आहे. कान, व्हायझर (कपाळावरची झापड), सुटा निघणारा जबडा: रंगवा. लेन्स आणि तिला धरणारी फ्रेम, खटके: हात लावू नका. फोमही नको, कारण गरम पाण्यात त्याचा गोंद सुटतो आणि तो जो रंग पितो तो पुढे घामातून चेहऱ्यावर सोडत राहतो. पट्ट्यातलं रबर उकळल्यावर सैल पडतं, आणि सैल पट्टा म्हणजे पळताना नाकावर घसरणारा मास्क. लेन्स धरणारी खाच आणि जबडा एकाच सलग तुकड्यात असतील तर तो मास्क रंगवण्यासाठी नाही, असं समजा.

"हव्या त्या रंगाचा होतो"

डाय पारदर्शक असतो, तो असलेल्या रंगावर चढतो, त्याला झाकत नाही. पिवळ्यावर निळा टाकला की हिरवा मिळतो. काळ्यावर काहीही टाका, काळाच. काळ्या प्लॅस्टिकमध्ये बहुधा काजळीची भुकटी मिसळलेली असते, ती ब्लीचनेही जात नाही. ब्लीच लावून आधी पांढरं करून घ्या असा सल्ला कुणी दिला तर लक्षात ठेवा, क्लोरीनचं ब्लीच नायलॉनला खातं.

स्प्रेच्या रंगापेक्षा डाय बरा, हे त्या कृतीतलं म्हणणं मात्र बरोबर आहे. वाकणाऱ्या तुकड्यावर स्प्रेचा थर पापुद्र्यासारखा निघतो, डाय निघत नाही. स्प्रेतली द्रावकंही प्लॅस्टिकला सोसतीलच असं नाही.

जे त्या कृतीत लिहिलेलंच नाही

मास्क तासन् तास घामेजलेल्या गालाला टेकलेला असतो. पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यांसाठी जे डिस्पर्स रंग वापरतात, त्यांतल्या काहींची त्वचेला अ‍ॅलर्जी होते. डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ तर त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या ओळखीचे आहेत. रंगवलेला तुकडा गरम साबणाच्या पाण्याने धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. मग ओल्या पांढऱ्या कापडाने चांगला घासा. कापडाला रंग लागला तर परत धुवा. माझ्या पहिल्या कानांनी तिसऱ्या धुण्यालाही कापड निळं केलं होतं, आणि घाई केली असती तर माझे गाल निळे झाले असते. पातेलं अर्थातच पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही.

रंगवण्याआधीही तुकडा साबणाने धुवा, बोटांचं तेल जिथे राहतं तिथे डाग पडतो. पाणी उकळू देऊ नका, तुकडा तळाला टेकू देऊ नका, सतत हलवत राहा. मी पहिल्यांदा दोन कान एकामागून एक रंगवले. दुसऱ्याच्या वेळी पाण्यातला रंग कमी झाला होता, त्यामुळे आजही माझा उजवा कान डाव्यापेक्षा फिका आहे. जोडी एकत्रच बुडवायची.

मग दोन-तीन दिवस सावलीत, सपाट जागेवर वाळू द्या आणि नंतरच मास्क जोडा. प्रत्येक खटका पूर्वीसारखा आवाज करून बसतो का ते पाहा. लेन्स बसवल्यावर दोन्ही अंगठ्यांनी आतून बाहेर आणि बाहेरून आत चारही कोपऱ्यांत दाबा. कुठेही हलली, तर तो मास्क घालून मैदानात उतरायचं नाही, रंग कितीही झकास आलेला असो.