न दिसणारी वीट: निपाणीच्या वाचकाला उत्तर

निपाणीकर दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच दिवशी वाचली, पण आठ दिवस उत्तर दिलं नाही. तुमचा एक आरोप खरा होता आणि गेम पुन्हा नीट खेळल्याशिवाय त्याबद्दल बोलायचा मला हक्क नव्हता.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. खानापूर तालुक्यातल्या दोन कॉलेजच्या पोरांनी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या मारिओ या व्हिडिओ गेमवरच्या प्रेमापोटी नऊ लेव्हलचा एक गेम केला आणि फुकट वाटला. मी त्याला दहापैकी साडेचार गुण दिले. त्यावर या दादांनी लिहिलं: "पोरांनी अभ्यास सांभाळून, एक पैसा न घेता केलंय. तुम्ही चार लेव्हल खेळलात आणि गुण वाटून मोकळे झालात. तुम्हाला जमलं नाही म्हणून गेम वाईट काय वो? मी एका रात्रीत सगळा संपवला. आणि शेवटी ती नक्कल. नकलेला कसलं परीक्षण लावताय?"

चार लेव्हल खेळून मी नऊ लेव्हलचे गुण दिले, हे खरं. ती चूक माझी. चौथीत अडकलो, चिडलो आणि चिडलेल्या डोक्यानं लिहिलं. या आठ दिवसांत उरलेल्या पाचही लेव्हल पूर्ण केल्या. पाचवी तर तीनदा खेळलो, कारण ती सोडवेना.

पाचवी लेव्हल पावसाची आहे. कणकुंबीचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय त्याला पहिल्या पडद्यावरच ओळख पटेल: आडवा पाऊस, धुकं, बांबूची बेटं आणि खालून चढत येणारं गढूळ पाणी. सुरुवातीला पाणी सावकाश चढतं. त्यात पडलात तरी मरत नाही, फक्त थोडे मागे वाहून जाता. पुढच्या टप्प्यात एक ओंडका तरंगत येतो. त्यावर उभं राहिलं की पाणीच आपल्याला वरच्या फांदीपर्यंत नेतं. त्यानंतर पाणी भराभर चढायला लागतं, तेव्हा आपण त्याला घाबरायच्या ऐवजी त्याची वाट बघत असतो. कुठंही पाटी नाही, सूचना नाही. पोरांनी पाण्याकडूनच आपल्याला शिकवून घेतलंय.

१९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल आठवा. पहिला गूम्बा, म्हणजे छोटा शत्रू, समोरून येतो, त्याच्यावर उडी मारायची हे कुणी सांगत नाही. विटेतून निघालेलं मशरूम उजवीकडे घरंगळतं, पाइपला आपटून परत आपल्याच अंगावर येतं. डोक्यावर विटांची रांग असते, त्यामुळे घाबरून उडी मारली तरी बहुतेक वेळा ते चुकवता येत नाही. अंगाला लागतं, मारिओ मोठा होतो आणि आपल्याला कळतं की ही चांगली वस्तू आहे. मारिओ रचणाऱ्या मियामोतो आणि तेझुका यांनी चुकण्याची जागाच अशी आखली की चुकणारा शिकून बाहेर पडावा. खानापूरच्या पोरांनी ही गोष्ट पाचव्या लेव्हलमध्ये ओळखलीय. मी तिथवर पोहोचलोच नव्हतो. त्याबद्दल त्यांची आणि तुमची, दोघांचीही माफी मागतो.

आता चौथी. इथं मात्र मी मागे हटणार नाही.

आधी उडीचं बोलू, कारण प्लॅटफॉर्म गेममध्ये, म्हणजे उड्या मारत पुढं जायच्या गेममध्ये, उडी बिघडली की सगळंच बिघडतं. फॅन लोक, म्हणजे आवडत्या गेमच्या प्रेमापोटी स्वतः गेम करणारे, दोन तऱ्हेनं गेम करतात. एक तऱ्हा म्हणजे मूळ गेममध्येच फेरफार करणं. सुपर मारिओ वर्ल्ड (१९९०) या गेमसाठी २००० साली लुनार मॅजिक नावाचं लेव्हल बदलायचं साधन आलं आणि त्यावर आजवर ढीगभर हॅक, म्हणजे फेरफार केलेल्या आवृत्त्या, निघाले. तिथं उडी १९९० चीच असते, निन्टेन्डोनं घासूनपुसून ठेवलेली. करणाऱ्याला फक्त लेव्हल रचायची असते आणि परीक्षण रचनेचंच करायचं असतं. दुसऱ्या तऱ्हेत गेम शून्यापासून उभा करतात, या पोरांनी गोडॉट या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केला तसा. तिथं गुरुत्वाकर्षण, वेग, घसरण, उडी, सगळं स्वतः ठरवायचं. काम कितीतरी अवघड, आणि म्हणूनच उडी तपासणं भाग आहे.

मी मोबाइल असा धरला की बटणावरचं बोट आणि पडदा एकाच चौकटीत येईल, सेकंदाला ६० फ्रेमनं चित्रीकरण केलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. पाय जमिनीला टेकायच्या २ फ्रेम आधी बटण दाबलं, तर या गेममध्ये ती उडी नोंदलीच जात नाही. २ फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. मोजताना डोळ्याला कळत नाही, पण हाताला कळतं. "दाबलं होतं की मी!" असं तोंडातून निघतं. लहानपणी शहापुरात तासावर टीव्ही गेम खेळायचो तेव्हा असं झालं की रिमोट खराब म्हणून दुकानदाराशी भांडायचो. इथं रिमोटचा दोष नाही. चांगल्या गेममध्ये जरा आधी दाबलेलं बटण क्षणभर लक्षात ठेवतात, त्याला जंप बफर म्हणतात. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेम उडी मारू देतात, तो कोयोटी टाइम. सेलेस्ट (२०१८) हा अवघड गेम म्हणून नावाजलेला, पण त्याच्या निर्मात्यांनी आपण अशा किती सवलती दडवून ठेवल्यात ते उघडपणे सांगितलंय. खेळणाऱ्याला त्या दिसत नाहीत, त्याला फक्त वाटतं की हे पात्र माझं ऐकतंय. गेम अवघड असू दे, पण पात्रानं ऐकायला हवं.

आणखी एक. मारिओमध्ये बटण जितकं धरून ठेवाल तितकी उडी उंच जाते, हलकंच दाबलं तर छोटी. या गेममध्ये कसंही दाबा, उडी तेवढीच. मारिओ म्हणजे लाल टोपी आणि मिशी एवढंच नव्हे. बोटाच्या दाबानं उंची ठरवता येणं हाही मारिओच, आणि माझ्या मते टोपीपेक्षा जास्त मारिओ. हे टीका म्हणून नाही, दुरुस्ती म्हणून लिहितोय, कारण हे दोन्ही दोष काढायला फार कोड लागत नाही.

आता ती वीट. चौथ्या लेव्हलच्या मधोमध दरी आहे. अंतर नेहमीच्या उडीचं. उडी मारली की हवेत डोकं आपटतं, कारण तिथं न दिसणारी वीट ठेवलीय, आणि आपण सरळ खाली. पहिल्या वेळी मरण अटळ. दुसऱ्या वेळी वीट माहीत असते म्हणून जगतो. या मरणातून मी काय शिकलो? एवढंच की इथं वीट आहे. पुढच्या दरीपाशी ते ज्ञान कामाला येत नाही, उलट तिथं उडी मारायलाच भीती वाटते.

तुम्ही म्हणाल, कायझोमध्ये, म्हणजे खेळणाऱ्याला मुद्दाम छळणाऱ्या हॅकमध्ये, हेच असतं. असतं. जपानमधल्या एकानं मित्राला खेळायला बसवण्यासाठी सुपर मारिओ वर्ल्डमध्ये असले फेरफार केले आणि २००७ पासून ते व्हिडिओ जगभर गेले. कायझो या शब्दाचा अर्थच फेरफार. त्याच वर्षी आलेल्या 'आय वॉन्ना बी द गाय'मध्ये तर झाडावरची सफरचंदंसुद्धा मारतात. पण तिथं खेळायला बसणाऱ्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं की आपली फसवणूक होणार आहे. ते त्यानं मान्य केलेलं असतं. या पोरांच्या पहिल्या तीन लेव्हल शाळेतल्या मुलानं खेळाव्यात इतक्या मायेनं केल्यात. त्यानंतर मध्येच, एकदाच, काही न सांगता ती वीट येते. दादा, ज्यानं तीन लेव्हल हात धरून चालवलं त्यानंच चौथीत हात सोडला, याचं मला वाईट वाटलं. मी केवळ अडकलो म्हणून गुण कापलेले नाहीत.

तरी तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट योग्य होती. "जमलं नाही" आणि "वाईट आहे" यांची मी गल्लत केली. 'आय वॉन्ना बी'च्या धर्तीवरच्या फॅन गेमसाठी डेलिशियस फ्रूट म्हणून जी नोंदवही आहे, तिथं गुणवत्ता १० पैकी आणि अवघडपणा १०० पैकी असे दोन वेगळे आकडे देतात. एखादा गेम ९० अवघड आणि तरी गुणवत्तेला ९ असू शकतो. एखादा २० अवघड आणि गुणवत्तेला २. हे दोन आकडे मी आधीच वेगळे लिहिले असते तर तुम्हाला ती प्रतिक्रिया लिहावी लागली नसती.

पण "मी एका रात्रीत संपवला" यावरून गेम चांगला ठरत नाही, हेही बघा. लोकांना स्वतःच्या मारिओ लेव्हल रचू देणाऱ्या सुपर मारिओ मेकरमध्ये (२०१५) नियम होता की आपली लेव्हल आधी स्वतः पूर्ण करायची, मगच ती जगासाठी टाकता येणार. नियम चांगला, कारण लेव्हल अशक्य नाही एवढं तरी त्यातून सिद्ध होतं. त्यालाही कुणी बगल देऊ शकतो, हे 'ट्रिमिंग द हर्ब्स' नावाच्या त्यातल्याच एका लेव्हलवरून कळलं. कुणीच न संपवलेली शेवटची लेव्हल म्हणून लोक तिच्या मागे लागले होते. मार्च २०२४ मध्ये तिच्या कर्त्यानं कबूल केलं की आपण ती हातानं नव्हे, बटणं आपोआप दाबणारं साधन वापरून पूर्ण केली होती. तरीही एप्रिलमध्ये, त्या गेमचे सर्व्हर बंद व्हायच्या आधी, एका खेळाडूनं ती खरोखर हातानं करून दाखवली. त्या माणसाच्या हाताला माझा नमस्कार. पण त्यातून लेव्हल चांगली ठरते का? माणूस थोर ठरतो. तुमचंही तसंच आहे, तुमची बोटं चांगली आहेत. बघायचं असेल तर एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला चौथ्या लेव्हलला बसवा आणि तुम्ही मागे गप्प उभे राहा. त्याचा चेहरा वीट लागल्यावर कसा होतो आणि पाचवीत ओंडका वर उचलला गेल्यावर कसा होतो, ते बघा.

आता नक्कल. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण आपल्याकडं नक्कल करून शिकायची केवढी जुनी रीत आहे. दिवाळीत बेळगावच्या गल्लीगल्लीत पोरं किल्ले करतात. निपाणीतही करत असालच. दगड, पोती, लाल माती, वर पेरलेली मोहरी, बाजारातनं आणलेले मावळे आणि सिंहासनावर महाराज. ती रायगडाची, प्रतापगडाची नक्कलच असते. तिला कधी कुणी चोरी म्हटलं नाही, आणि "नक्कल आहे, काय बघायचं" म्हणून परीक्षक घरी बसले नाहीत. संध्याकाळी ते गल्लीत यायचे, वाकून बघायचे, प्रश्न विचारायचे.

आम्ही एकदा रायगड केला होता. महादरवाजा छान रंगवला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून अगदी समोर लावला. परीक्षक म्हणून आलेले एक म्हातारे मास्तर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "लांबून येणाऱ्या शत्रूला हा दरवाजा दिसतोय की रे." मग त्यांनी दोन बोटांनी दोन बुरूज दाखवले, रायगडाचा महादरवाजा त्या बुरुजांच्या कवेत कसा लपलाय, जवळ येईपर्यंत तो का दिसत नाही, हे सांगितलं. आम्हाला तिसरा नंबरसुद्धा मिळाला नाही. पण त्या दिवसापासून मी किल्ला बघायला लागलो. त्याआधी फक्त माती रचत होतो.

फॅन गेमचं परीक्षण मला तसं करायचंय. मूळच्यासारखं दिसतंय का, हा माझा प्रश्न नाही. मूळचं तसं का आहे हे करणाऱ्याला उमगलंय का, हा आहे. पाचव्या लेव्हलमध्ये उमगलंय. चौथीत दरवाजा चुकीच्या जागी लागलाय.

फुकट केलंय म्हणून गप्प बसा, हे तर मला अजिबात पटत नाही. फॅन लोक स्वतः असं मानत नाहीत. ख्रिश्चन व्हाइटहेडसारखे फॅन गेम करणारेच पुढे सेगा या कंपनीसाठी तिच्या सोनिक मालिकेतला सोनिक मेनिया (२०१७) करायला बसले, कारण त्यांनी सोनिकचा वेग आणि उतारावरची घसरण बारकाईनं अभ्यासली होती. सुपर मारिओ ब्रदर्स एक्स हा फॅन गेम करणारा अँड्र्यू स्पिंक्स पुढे टेरारिया (२०११) हा स्वतःचा गेम करून गेला. ही माणसं कौतुकाच्या थापेवर थांबली असती तर तिथं पोहोचली नसती. खानापूरच्या पोरांनी रात्री जागून काढल्यात. त्यांच्या त्या रात्रींना "छान प्रयत्न" एवढं म्हणून वाटेला लावणं मला अपमान वाटतो.

मूळ लेखात साडेचार खोडून नवे आकडे टाकलेत: गुणवत्ता १० पैकी साडेसहा, अवघडपणा १०० पैकी ५५. साडेचार होते तेही खाली दिसू दिलेत, म्हणजे काय बदललं ते कळेल. जंप बफर आणि उडीच्या उंचीबद्दलची टिपणं पोरांना वेगळी पाठवलीत, चित्रीकरणासकट. त्यांचं उत्तर आलं की वीट काढतोय, पण उडीचं बघायला परीक्षा संपू दे. आधी परीक्षाच द्या म्हटलं.

आणि दादा, तुम्ही सगळा संपवलाय म्हणून एक विचारतो. सातव्या लेव्हलमध्ये बांबूच्या दुसऱ्या बेटामागं एक वाट आहे असं मला वाटतंय, कारण तिथं पाऊस थोडा थांबल्यासारखा दिसतो. मी दोन संध्याकाळी घालवल्या, आत शिरता आलं नाही. तुम्हाला सापडली असेल तर उडी कुठून मारली ते कळवा.