डायनिंग टेबल, चांदीची आगगाडी आणि अव्याचा सिक्स-सीटर

काल कट्ट्यावर विषय निघाला तो परवाच्या एका स्नेहभोजनावरून. तिथे कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोण स्वीट डिश यायच्या आधीच उठलं, हे सगळं बोलून झालं.

अव्या लगेच सुरू. "आपल्याकडे जेवणाची संस्कृतीच बिघडली. पूर्वी पंगत असायची. पाट, रांगोळी, उदबत्ती, डावीकडे चटणी-कोशिंबीर, चित्राहुती घालून मगच पहिला घास. सगळे एका रांगेत, एका पातळीवर. खरी समता ती."

अव्याला असं बोलताना डोळे मिटायची सवय आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला निवेदन करायचा तेव्हापासून.

मुग्धा म्हणाली, "तुझी आजी कितव्या पंगतीला बसायची?"

डोळे उघडले. "शेवटच्या. पण ते प्रेमाने, कोणी जबरदस्ती..."

"आणि तोवर मठ्ठा उरायचा का?"

नित्या खो खो हसायला लागला आणि हसता हसता त्याने विषय अमेरिकेला नेला. नित्याने दोनदा एमपीएससी दिलीये, त्यामुळे अमेरिका त्याला सदाशिव पेठेपेक्षा जास्त माहितीये. म्हणे १७९० साली न्यूयॉर्कला जेफरसनने, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याने, अर्थमंत्री हॅमिल्टन आणि खासदार मॅडिसनला घरी जेवायला बोलावलं, आणि त्या एका जेवणात ठरलं की राज्यांची युद्धाची कर्जं केंद्राने उचलायची आणि बदल्यात राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची. "म्हणजे अख्खं वॉशिंग्टन शहर एका डायनिंग रूममधून निघालं, बोल!"

"स्वयंपाक कोणी केला?" मुग्धाने विचारलं.

"अं?"

"अरे जेवले ना? मग रांधलं कोणी?"

आता नित्याचं एक मान्य करायला पाहिजे, त्याला ते माहीत होतं. जेफरसनचा आचारी जेम्स हेमिंग्ज. पॅरिसला नेऊन फ्रेंच स्वयंपाक शिकवलेला, आणि गुलाम. त्या रात्रीचं जेवणही बहुतेक त्याचंच. नित्या पुढे म्हणाला की व्हर्जिनियातल्या जेफरसनच्या माँटिचेलोच्या घरात तर जेवणघराला एक फिरतं दार आहे, पाठीमागे फळ्या लावलेलं. पलीकडून ताटं ठेवायची, दार फिरवायचं, जेवण आत. तळघरातून वाइनच्या बाटल्या वर ओढायला फायरप्लेसच्या बाजूला छोटी लिफ्ट वेगळी.

"म्हणजे जेवण पाहिजे, वाढणारा दिसायला नको," मुग्धा. "आत माणसाच्या हक्कांवर चर्चा चाललेली असणार ना."

यावर कोणीच काही बोललं नाही, पण समीरला शांतता सहन होत नाही. तो म्हणाला, आपले शिंदे त्याच्या पुढचे, ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसमध्ये डायनिंग टेबलावर रूळ टाकलेत आणि त्यावरून चांदीची छोटी आगगाडी दारू आणि सिगार घेऊन फिरते, बाटली उचलली की गाडी थांबते. त्याने स्वतः जाऊन बघितलीये. आणि बघायला जाताना आमच्या तिघांचे प्रवासाचे पैसे याने भरले होते असं त्याचं म्हणणं आहे, जे साफ खोटं आहे, मी माझे दिले होते, पण ते असो.

अव्याला संस्कृती सोडवेना. "हे राजेरजवाडे सोडा रे. आपल्या पुण्यात बघा, खाण्यापिण्याला केवढं गांभीर्य होतं!"

"होतं ना," मुग्धा म्हणाली. "१८९० ला पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, लोक चहा प्यायले तर केवढं ग्रामण्य झालं, जातीबाहेर टाकण्यापर्यंत वाद. रानडे, टिळक, दोघंही त्यात. कोणी घोट घेतला, कोणी नुसता कप हातात घेतला, तरी नावं पेपरात छापून आली, शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. जेवण राहिलं बाजूला रे, चहा! तुझ्या एका पातळीवरच्या रांगेत बसायचं कोणी, हे ठरवायलाच निम्मी अक्कल खर्च व्हायची."

"पण आता तरी टेबलावर सगळे एकत्र बसतात," अव्या, जरा खालच्या आवाजात. आत्तापर्यंत पंगतीची बाजू घेणारा माणूस टेबलाच्या बाजूला कधी गेला ते त्यालाही कळलं नाही.

"बसतात? आमच्याकडे सगळे बसतात आणि आई गॅसपाशी उभी. 'तुम्ही सुरू करा, माझ्या दोनच पोळ्या राहिल्यात.' त्या दोन पोळ्या मी तीस वर्षं ऐकतीये."

समीर म्हणाला, एक मिनिट, अव्या, तुझ्याकडे तर सिक्स-सीटर आहे ना, वास्तुशांतीला आम्हाला हात लावू देत नव्हतास, शिसवी शिसवी करत. त्यावर कोणाला जेवताना मी अजून बघितलेलं नाही. बाल्कनीचं दार अर्धंच उघडतं त्याच्यामुळे, कपडे वाळत घालायला वहिनी आडव्या होऊन जातात.

"रोज जेवतो आम्ही त्यावर," अव्या छाती काढून. "टीव्ही बंद करून. नियम आहे घरात."

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. अव्याचा फोन म्हणजे न लावताही स्पीकर, नळस्टॉपपर्यंत ऐकू जातो. वहिनींचा आवाज: "अहो, इस्त्रीवाला आलाय, कपडे कुठे ठेवलेत?"

अव्या पाठ फिरवून, तोंडावर हात धरून: "डायनिंगवर. त्या मिक्सरच्या खोक्याच्या मागे बघ. नाही, तिथे बाबांची औषधं आहेत, त्याच्या पलीकडे. गणपतीच्या मखराखाली."

अमृततुल्यवालाही हसायला लागला. नित्याच्या नाकातून चहा आला.