टपकणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि मिनियापोलिसची थंडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गिझरच्या सर्व्हिसिंगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मिनियापोलिसहून चांगलीच झाडलीत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: तिकडे उणे पंचवीसमध्ये तुमच्या तळघरातली ५० गॅलनची टाकी बारा वर्षं कुणी हात न लावता चालली आहे. मुंबईत स्वेटर कपाटाबाहेर येत नाही, तिथे कॉइल साफ करा, ॲनोड रॉड (टाकीला गंज लागू नये म्हणून आत बसवलेली, स्वतः झिजणारी सळई) बदला असं सांगणं म्हणजे मेकॅनिक लोकांची दुकानदारी. मुलुंडला तुमच्या आईंच्या गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह टपकत होता, प्लंबरने त्याचं तोंड बंद केलं, दोन वर्षं झाली, काही बिघडलेलं नाही. आणि शेवटी, या जानेवारीत आलात की त्यांना गॅस गिझरच बसवून देणार आहात.

दुकानदारीचं नंतर बोलू. आधी मुलुंडचा व्हॉल्व्ह, कारण तो तुम्ही येईपर्यंत थांबण्यातला नाही.

गरम होताना पाणी फुगतं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं की साधारण पाव लिटरने वाढतं. पूर्वी हे जास्तीचं पाणी आल्या पाइपानेच मागे, गच्चीवरच्या टाकीकडे सरकायचं. आता गिझरबरोबर जो सेफ्टी व्हॉल्व्ह येतो त्यातच नॉन-रिटर्न असतो, म्हणजे मागची वाट बंद. उरतं ते व्हॉल्व्हच्या कुशीतलं बारीक तोंड. गिझर चालू असताना तिथून थेंब पडत असतील तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर मात्र दोनपैकी एक कारण असतं. एक तर सीटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हचं झाकण जिथे टेकतं त्या जागी, कचरा अडकलाय. सोसायटीची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी हमखास अशा तक्रारी येतात, आणि व्हॉल्व्हची छोटी दांडी दोन-चारदा उचलून सोडली की बऱ्याचदा कचरा वाहून जातो. नाहीतर पाण्याचा दाबच जास्त आहे. दर १० मीटर उंचीला एक बार दाब या हिशेबाने उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांवर दाब भरमसाट होतो, म्हणून तिथे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. तो बिघडला की गिझरकडे बोट दाखवलं जातं.

तोंडात डेड प्लग, म्हणजे बूच, ठोकून वर एमसीलचा गोळा लावणं हा यावरचा इलाज नाही, पण सर्रास दिसतो. पाहुण्यांसमोर बाथरूममध्ये टपटप नको असते, प्लंबरला पाच मिनिटांत मोकळं व्हायचं असतं. या व्हॉल्व्हवर बहुधा ८ बार असा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या दाबाला तो उघडला पाहिजे. दोन वर्षं काही झालं नाही याचा अर्थ एवढाच, की थर्मोस्टॅट दोन वर्षं वेळेवर वीज तोडतोय. तो चिकटला तर कटआउट, म्हणजे वीज तोडणारा दुसरा स्विच, आहे. कटआउटही गेला, किंवा कुणी ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून थेट जोडून टाकला, की पाणी शंभर अंशांच्या वर चढत जातं आणि दाबाखाली पाणीच राहतं. टाकी फाटली की त्या क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते. मुंबईतल्या बाथरूममध्ये ही टाकी डोक्यावर टांगलेली असते हे वेगळं सांगायला नको.

जरा तुमच्या तळघरात उतरून बघा. टाकीला वरच्या बाजूला पितळी व्हॉल्व्ह असेल, त्यावर १५० पीएसआय (दाब) आणि २१० फॅरनहाइट (तापमान) लिहिलेलं असेल, आणि त्यातून एक पाइप जमिनीपर्यंत आणून उघडा सोडलेला असेल. त्या पाइपाला तुमच्याकडचा कुठलाही लायसन्सवाला प्लंबर बूच मारणार नाही. मग मुलुंडला ते कसं चालतं?

आता तुमची बारा वर्षं. थंडीत हीटरला जास्त राबावं लागतं हे अगदी खरं. तिकडे हिवाळ्यात नळाला चार-पाच अंशांचं पाणी येतं, आपल्याकडे पंचवीसच्या आसपास. दोन्हीकडे पन्नासपर्यंत न्यायचं तर तुमच्या प्रत्येक लिटरला जवळजवळ पावणेदोन पट ऊर्जा लागते. पण त्याने बिल वाढतं, टाकी त्यामुळे मरत नाही. टाकी मरते ती पाण्यातल्या क्षारांनी आणि गंजाने. तुमच्या शहराचं पाणी मिसिसिपीचं, आणि तुमची महापालिका ते नळाला सोडण्याआधीच चुन्याची प्रक्रिया करून मृदू करते, म्हणजे त्यातले क्षार कमी करते. बारा वर्षांचं बरंचसं श्रेय तिथे जातं. बोअरवेलच्या पाण्यावर जगणाऱ्या तुमच्या उपनगरांत घरोघरी सॉफ्टनर का लागतात, ते शेजारीपाजारी विचारा.

मुंबईतही तेच. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी मुख्यतः भांडुपहून शुद्ध होऊन येतं, ते काही जड नाही. पालिकेच्या पाण्यावरचा गिझर दोन-तीन वर्षांनी उघडला तरी चालतो, आणि मूळ लेखातलं सर्व्हिसिंगबद्दलचं ‘दरवर्षी’ हे टँकर आणि बोअरच्या पाण्यापुरतं आहे. तो परिच्छेद तुमच्या नजरेतून सुटलेला दिसतो. घोडबंदर रोडच्या, अशाच पाण्यावरच्या एका टॉवरमधला गिझर गेल्या उन्हाळ्यात आमच्या मिस्त्रीने खाली उतरवला. खालची प्लेट काढली तसा आधी ओंजळभर पांढरा चुराच पडला. कॉइल अंगठ्याएवढी जाड झाली होती. नखाने थर टोकरला तर सबंध खपली निघाली आणि खाली नळीला चीर. ॲनोड रॉड म्हणून उरली होती नुसती मधली तार, त्यावरचं मॅग्नेशियम सगळं खाऊन झालं होतं. चिरलेल्या कॉइलमधून करंट पाण्यात उतरतो, आणि त्या घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नव्हता. सांताक्रूझला थंडीचा नीचांक ७.४ अंशांचा आहे, १९६२ च्या जानेवारीतला. त्या गिझरच्या अवस्थेशी थंडीचा काय संबंध?

थंडी जिवावर उठते ती पाइपांच्या. हे तुम्हाला पाठ असेल, इथल्या वाचकांसाठी लिहितो. पाण्याचं बर्फ होताना ते नऊ टक्के फुगतं, पण पाइप बहुतेक वेळा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप तिथे फाटतो. म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने चालू ठेवतात: पाणी वाहतं राहतं आणि दाबाला वाट मिळते. तत्त्व तेच, सेफ्टी व्हॉल्व्हचं! फुटलेला पाइप कळतो मात्र बर्फ वितळल्यावर, तोवर घरात कुणी नसेल तर तळघराचा तलाव होतो. तुम्ही जानेवारीत महिनाभर इकडे येणार, तेव्हा तिकडचा मेन कॉक बंद करून नळ उघडून पाइप रिकामे करालच, आणि हीटिंग पूर्ण बंद न करता घराचं तापमान १३ अंशांच्या खाली जाऊ देणार नाही. मग एवढी शिस्त पाळणाऱ्या माणसाने इथल्या गिझरला ‘चालतंय ना’ का म्हणावं, हे मला कळलेलं नाही.

दुकानदारीबद्दल एवढंच, की मी सोसायट्यांच्या प्लंबिंगची कामं बघतो, घरगुती गिझरची सर्व्हिसिंग माझ्या धंद्यात नाही. मेकॅनिक विनाकारण कॉइल बदलून जातात ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. काढलेली कॉइल मागून घ्यावी आणि स्वतः बघावी.

राहिला गॅस गिझर. तुमच्या गॅसच्या हीटरचा धूर चिमणीने घराबाहेर जातो, आणि मिनेसोटात झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कायद्यानेच लावावा लागतो. मुलुंडच्या बाथरूममध्ये यातलं काहीच नसणार. चार बाय सहाची खोली, दार लावलेलं, आणि गार वारा नको म्हणून जानेवारीत वरच्या झडपाही ओढलेल्या. हवा कमी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडते; त्याला वास नाही, रंग नाही, अंघोळ करणाऱ्याला नुसती चक्कर आल्यासारखं होतं. एकट्या राहणाऱ्या वयस्क बाईंसाठी मी तो बाथरूमच्या आत कधीही बसवणार नाही. बसवायचाच हट्ट असेल तर बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. पण त्यांना बादलीभर पाणी लागतं, त्याला १५ लिटरचा विजेचा गिझर भरपूर झाला. पंधरा-वीस मिनिटांत तापतो.

आज एवढं करा. आईंना फोन करून गिझरचा स्विच बंद ठेवायला सांगा, एक-दोन दिवस पाणी गॅसवर तापवू देत. प्लंबरकडून नवा व्हॉल्व्ह बसवून घ्या, काही शे रुपयांची वस्तू आहे. जुन्याचा प्लग काढून तोच परत वापरू देऊ नका. व्हॉल्व्हवरचा बाण गिझरकडे हवा, आणि बाजूच्या तोंडाला एक बारीक नळी लावून ती खाली मोरीपर्यंत सोडायला सांगा, म्हणजे टपटप कुणाच्या डोक्यावर होणार नाही. बसवल्यावर फोटो पाठवलात तर बघून सांगतो.