कॉन्ट्राच्या चालीला संगीतकार आहेत

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

एका मैत्रिणीनं रील पाठवलं. कोकणातली कुठलीशी बेंजो पार्टी मिरवणुकीत कॉन्ट्रा या जुन्या व्हिडिओ गेमच्या पहिल्या स्टेजची चाल वाजवतेय. काय वाजवलीय! बेंजोवाल्याची बोटं दिसत नाहीत इतक्या वेगानं चाललीत आणि मागे ताशा तडतडतोय. अंगावर काटा आला. खाली कमेंटींचा पाऊस. ‘बालपण’, ‘ते दिवस’, ‘रडवलंस भावा’. मीही आनंदानं लिहिलं की पार्लरच्या यंत्रावरची ही मूळ चाल काझुकी मुराओका यांची, आपण घरी टीव्हीवर ऐकली ती हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा यांनी घरच्या यंत्रासाठी बसवलेली, आणि तिची अधिकृत रेकॉर्ड पुन्हा बाजारात यायची मी वाट बघतेय. त्यावर पहिलं उत्तर आलं, “गेमच्या म्युझिकला कसला आलाय संगीतकार, कॉम्प्युटर वाजवतो ते.” दुसरं आलं, “यूट्यूबवर फुकट आहे, रेकॉर्ड कशाला?” आणि त्यांनाच सगळ्यांचे लाइक.

माझ्या मामाची गोष्ट सांगते. तो मिरजेत ब्रास बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. पावसाळ्यात लग्नं नसली की आमच्याकडे सांगलीला येऊन राहायचा. त्याची एक वही होती, लांबट, हिशेबाच्या वहीसारखी. त्यात आखलेले रकाने. गाणं, सिनेमा, संगीतकार, आणि खाली सरगम. बँडमध्ये नवं गाणं बसवलं की आधी वहीत नोंद. संगीतकाराचा रकाना कधी रिकामा राहिला नाही. नाव माहीत नसेल तर दुकानात जाऊन कॅसेटचं कव्हर बघून यायचा.

एका दुपारी मी आणि भाऊ कॉन्ट्रा खेळत होतो. भाड्यानं आणलेला व्हिडिओ गेम, भाड्याची कॅसेट. मामा खाटेवर तोंडावर पेपर घेऊन पडला होता. एकदम उठून बसला. म्हणाला, “ए, त्या गोळ्या बंद करा की जरा. चाल ऐकू द्या.” गेम थांबवला तर चालही थांबते. मग भावानं डोकं लढवलं. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, अशी गुप्त बटणं दाबून तीस जीव घेतले, आणि पहिल्याच स्टेजच्या पाण्यात उतरून खालचं बटण दाबून धरलं. पाण्यात डुबकी मारली की आपल्या माणसाला काही लागत नाही, हे खेळलेल्यांना ठाऊक असेल. तसाच अंगठा दाबून भाऊ बसला, चाल फिरून फिरून वाजत राहिली आणि मामा मांडीवर बोटं चालवत ऐकत राहिला. संध्याकाळपर्यंत क्लॅरनेटवर चढलीसुद्धा.

मग वही निघाली. गाण्याच्या रकान्यात ‘कॉन्ट्रा’. सिनेमाच्या रकान्यात ‘व्हिडिओ गेम’. आणि पेन धरून माझ्याकडे बघत म्हणाला, “चाल कुणाची गं?”

कॅसेट उलटीसुलटी करून बघितली. बंदूक घेतलेल्या माणसांचं चित्र होतं, बाकी काही नाही. तो रकाना रिकामा राहिला.

तर मला सांगा, हे ‘कॉम्प्युटर वाजवतो’ म्हणजे काय? पेटी वाजते तेव्हा लाकूड वाजतंय म्हणतो का आपण? त्या घरच्या यंत्रातल्या चिपकडे एका वेळी फक्त ५ आवाज. २ चौकोनी लहरींचे, १ त्रिकोणी लहरीचा, तो बहुतेक खर्जासाठी वापरायचे, १ नुसत्या खरखरीचा, त्यातून ढोल-झांजा काढायच्या, आणि १ आधीच साठवून ठेवलेल्या आवाजांच्या छोट्या तुकड्यांचा. दोन-तीन सूर एकत्र हवे असतील तर एकाच आवाजात ते एकामागोमाग इतके झरझर टाकायचे की कानाला एकत्र वाटावेत. एवढ्याशा जागेत माएझावा आणि सादांनी पहिल्या स्टेजची, जंगलाची ती चाल बसवली. मोठ्या वाद्यवृंदात चुकलेलं एखादं वाद्य लपून जातं. इथे लपायला जागा कुठे होती?

आणि या ५ आवाजांतूनच गेमचे बाकीचे आवाजही काढायचे. गोळी उडाली, उडी मारली, काही फुटलं, की तो आवाज चालीतल्या एखाद्या सुराला बाजूला सारून वाजतो. म्हणजे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली ती चाल गोळ्यांनी जागोजाग फाटलेली होती. अख्खी ऐकलेलीच नाही! मामाला ते एका दुपारी कळलं होतं. अधिकृत साउंडट्रॅकची लोक एवढी वाट का बघतात याचं अर्धं उत्तर यातच आहे. त्यात गोळ्या नसतात. खाली काय चाललंय ते पहिल्यांदा कानावर पडतं, खर्ज कुठे वळतोय ते समजतं.

उरलेलं अर्धं उत्तर नावांचं. आणि तिथे माझा राग वाढतो.

ऐंशीच्या दशकात जपानमधल्या बऱ्याच गेम कंपन्या आपल्या माणसांची खरी नावं पडद्यावर येऊ देत नसत, दुसरी कंपनी त्यांना पळवेल या भीतीनं. टोपणनावं लावायची. १९८६ ला कॉन्ट्रावाल्याच कोनामी कंपनीचा कॅसलव्हेनिया हा गेम आला. त्याचं संगीत करणाऱ्यांत मुख्य किनुयो यामाशिता. गेमच्या शेवटी नाव काय येतं? ‘जेम्स बनाना’. एका बाईनं केलेलं काम आणि त्यावर एका पुरुषाचं खोटं नाव. १९८७ च्या मेगा मॅनचं संगीत मानामी मात्सुमाए यांचं, तिथेही टोपणनाव. स्ट्रीट फायटर टू, १९९१, ज्याच्यासाठी आपल्याकडची पोरं शाळा बुडवून पार्लरमध्ये उभी असायची, धालसिम या भारतीय लढवय्याच्या हत्तींच्या त्या स्टेजसकट, त्याचं बहुतेक संगीत योको शिमोमुरांचं. आपल्या पिढीच्या कानात ज्या चाली पक्क्या बसल्यात त्यांतल्या कितीतरी बायकांनी बांधल्या आणि आपल्याला त्यातली एक ठाऊक नाही. मला हे वाचून झोप लागली नव्हती.

हे आपल्याला तरी नवीन नसावं. १९४९ ला ‘महल’ आला तेव्हा ‘आएगा आनेवाला’ च्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. मधुबालाच्या पात्राचं नाव! लतादीदींचं नाव नाही. ऐकणाऱ्यांनी रेडिओला विचारून विचारून भंडावलं, ही गाणारी कोण, तेव्हा खरं नाव बाहेर आलं. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी पत्र टाकून नाव मागितलं होतं. आकाशवाणीवर गाणं लागायच्या आधी गीत, संगीत, स्वर ऐकतच आपण मोठे झालो. आणि आज कुणी नाव लिहिलं तर त्याला ‘मूड घालवू नकोस’ म्हणून गप्प करायचं? तिसरं उत्तर ते होतं, वर लिहायचं राहिलं.

दुसरीकडे काय चाललंय तेही सांगते. जपानमध्ये १९८४ लाच हारुओमी होसोनो यांच्यासारख्या नावाजलेल्या संगीतकारानं नामकोच्या गेमचं संगीत घेऊन अख्खा अल्बम काढला होता. १९८७ ला कोइची सुगियामांचं ड्रॅगन क्वेस्ट या गेमचं संगीत टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये ऑर्केस्ट्रानं वाजवलं. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला सगळ्या देशांचे खेळाडू मैदानात आले ते गेमच्या संगीतावर, आपलेसुद्धा. आणि २०२३ ला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत मारिओची चाल घेतली, कोजी कोंदो यांच्या नावानं. त्या यादीत गेलेलं हे पहिलं गेमचं संगीत. तेव्हा कोपऱ्यात बसून टिंगटिंग ऐकणाऱ्या चार वेड्यांचा हा नाद आहे असं समजू नका.

आता कंपन्यांकडे वळते, कारण त्यांनाही सोडायचं नाही. मारिओ बनवणाऱ्या निंटेंडोनं वर्षानुवर्षं आपलं संगीत धड विकलंही नाही आणि चाहत्यांनी चढवलेलं राहूही दिलं नाही. २०२२ च्या सुरुवातीला एकाच यूट्यूब चॅनेलवरचे १३०० हून जास्त व्हिडिओ बंद पाडले. तेव्हा त्यांतलं बरंचसं ऐकायला दुसरी अधिकृत जागाच नव्हती. मग ऑक्टोबर २०२४ ला त्यांचं स्वतःचं संगीताचं ॲप आलं. किती वाट बघितली होती लोकांनी! अजूनही या आठवड्यात कुठला गेम येणार यावर जगभर पैजा लागतात. आणि ॲप उघडलं तर गेमचं नाव, चालीचं नाव, तीच चाल तासभर फिरवत ठेवायची सोयसुद्धा, आणि संगीतकाराचं नाव नाही. ज्यांच्याकडे कोजी कोंदो १९८४ पासून आहेत त्या कंपनीनं हे करावं? याला अधिकृत म्हणायचं?

हो, चाहत्यांनी फुकट चढवलं नसतं तर यातलं बरंच संगीत हरवलं असतं, हे मान्य. आपण सगळे नकली कॅसेटवर वाढलो हेही मान्य. आणि रेकॉर्ड घेतली म्हणून सादांच्या खिशात काही पडेलच असं नाही, ते पगारी नोकर होते, हक्क कंपनीचे. ठीक आहे. पण म्हणून नावही नको का?

नीट काम करणारे आहेत. ब्रेव्ह वेव्ह नावाच्या छोट्या कंपनीनं स्ट्रीट फायटर टूचं संगीत मूळ यंत्रावरून पुन्हा नीट मुद्रित करून रेकॉर्डवर आणलं. लंडनच्या डेटा डिस्क्सनं सेगाच्या स्ट्रीट्स ऑफ रेजची रेकॉर्ड काढली. त्याचे संगीतकार युझो कोशिरो, तो माणूस तर निराळाच. आपलं नाव गेमच्या पहिल्या पडद्यावर छापून घेतलं त्यानं, त्या काळात! कॉन्ट्राची रेकॉर्ड अमेरिकेतल्या मोंडोनं काढली होती. आता ती शोधायची तर दुसऱ्या हातची, मागतील तो भाव देऊन. म्हणून नव्या छपाईची वाट.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. मामाचं राहिलेलं सांगते.

मामा आता वाजवत नाही. पुढचे दात गेले की क्लॅरनेट सुटतेच. गेल्या दिवाळीत मिरजेला गेले होते तेव्हा त्याला तिन्ही नावं सांगितली. त्याला कॉन्ट्रा आठवत होतं. माझ्याकडून नावं दोन-तीनदा म्हणून घेतली, मग वही शोधायला लावली. पानं पिवळी पडलीत, कडा उंदरानं खाल्ल्यात, पण रकाना तसाच होता. मुराओका, माएझावा, सादा, तिन्ही नावं त्याला त्या एका चौकोनात बसवायची होती, म्हणून अक्षर बारीक काढलं. मग विचारलं, “त्यांस्नी ठावं हाय का गं, मिरजेत वाजीवली म्हणून?” मी म्हटलं, नसेल. तर म्हणाला, “कळवाय पायजे.”

पाचवी शिकलेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली वाजवून पोट भरलेल्या माणसाला जे कळतं ते हातात चार-चार ॲप घेऊन बसलेल्यांना का कळू नये? परत राग आला बघा.

कंपन्यांकडे माझं मागणं साधं आहे. रेकॉर्ड काढा, ॲपवर टाका, सीडी काढा, काहीही करा. फक्त प्रत्येक चालीखाली ती कुणी केली ते छापा, खऱ्या नावानं. ‘जेम्स बनाना’ आता बास झालं. आणि इथल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्ही शेअर करता तेव्हा एक ओळ जास्तीची लिहा. तुम्ही लिहाल हे मला माहितीये, तुमच्यासाठी एवढं टायपायची गरजही नव्हती.

भाऊ डिसेंबरमध्ये न्यू जर्सीहून येतोय. त्याच्या बॅगेत चार-पाच रेकॉर्ड सपाट बसतात, टपालाचा खर्च वाचतो. पुण्या-मुंबईत कुणाला हवी असेल तर खाली लिहा, एकत्र मागवू. कॉन्ट्रा तोवर आली नाही तर कॅसलव्हेनिया घेऊ, पण मागच्या बाजूचा फोटो आधी मागवणार आहे. किनुयो यामाशितांचं नाव छापलेलं असेल तीच घ्यायची.