बाळ खात नाही, की भरवायला कुणाला वेळ नाही?

बाळाचं वजन वाढत नाही म्हटलं की सगळ्यांच्या नजरा आधी आईकडे वळतात. तिला कळत नाही, ती लक्ष देत नाही. हे ऐकलं की मला आजही राग येतो.

माझं बाळ आठ महिन्यांचं होतं तेव्हा मला सगळं तोंडपाठ होतं. सहा महिने पूर्ण झाले की वरचं सुरू करायचं, अंगावरचं दूध दोन वर्षं आणि जमेल तसं पुढेही चालू ठेवायचं, सुरुवातीला दिवसातून २-३ वेळा आणि नवव्या महिन्यापासून ३-४ वेळा भरवायचं. तरी वजनाचा काटा हलेना. एकदा सहज चमचा तिरका केला, तर त्यावरचं सगळं पाण्यासारखं ओघळून गेलं. तेव्हा चूक कळली. ८ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० ग्रॅम मावतं. ते पाण्यानेच भरलं तर अंगाला काय लागणार? वरचं अन्न चमच्यावर टिकेल इतकं घट्ट हवं.

पण मी पातळ का करत होते? पातळ पटकन घशाखाली उतरतं आणि मला कामावर निघायचं असायचं. माहिती होती हो, वेळ नव्हता.

नवीन चव बाळ जिभेने बाहेर ढकलतं. तोच पदार्थ आठ-दहा वेळा पुढे करावा लागतो, तेव्हा कुठे तो आवडू लागतो. ज्या घरात पैसे मोजून अन्न येतं, तिथे आठ वेळा थुंकलेलं कसं परवडेल? मग आई बाळ हमखास खाईल तेच देते. त्याला हट्टीपणा कसं म्हणायचं? जन्मताना मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, म्हणजे अंडी, मांस, मासे, डाळी यांची गरज असते तेव्हाच. आणि यातलं बरंचसं महाग असतं.

पाणी लांबून आणावं लागतं, सरपण जपून वापरावं लागतं, म्हणून सकाळी एकदाच शिजवून दिवसभर पुरवायचं. उकाड्यात त्यात जंतू वाढतात, बाळाला जुलाब होतात आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, आता खायला देऊ नका. खरं तर आजारात अंगावर जास्त वेळा पाजायचं असतं, थोडं थोडं भरवत राहायचं असतं. पण घरात शब्द कुणाचा चालतो, यावरच वाटीत काय पडणार ते ठरतं.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारात बाळंतपणाची किमान रजा १४ आठवडे आहे. निव्वळ अंगावरचं दूध द्यायचं ते २६ आठवडे. मधल्या १२ आठवड्यांचं काय करायचं, हे आईने एकटीने सोडवायचं? निदान घरातल्या इतरांनी तरी चमचा हातात घ्यावा.

आमच्याकडे संध्याकाळचं भरवणं बाळाच्या बाबांनी घेतलं. एका वाटीला चाळीस मिनिटं लागायची. ते समोर मांडी घालून बसायचे, बाळाने तोंड फिरवलं की थांबायचे, गप्पा मारायचे, पुन्हा चमचा पुढे करायचे. कुस्करलेलं अंडं बाळाने सहा दिवस थुंकलं. सातव्या दिवशी गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं.