300 फुटांच्या बोअरला शेजारी विचारतो, 3 किलोमीटरच्या बोअरला कोण विचारणार?

आमच्याकडं बोअर मारायचा म्हटलं की आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा धरून सगळं रान फिरतो, नारळ उभा राहिला की तिथं दगड ठेवायचा. त्यावर माझा विश्वास आहे की नाही हे विचारू नका, दुकान चालवायचंय मला. पण गाडी बोलवायच्या आधी अजून एक काम असतं, ते म्हणजे बांधाला बांध असलेल्याला सांगणं. "अण्णा, उद्या गाडी येतीया बरं का." अण्णा लगेच विचारणार, कुठल्या कोपऱ्यात, किती फूट, आमच्या हिरीचं काय? कधी जागा वीस-तीस फूट सरकवावी लागते. न सांगता मारला, तर पुढची दहा वर्षं लग्नाची पत्रिकासुद्धा येत नाही.

कराडात बोअरच्या सामानाचं दुकान आहे माझं. मूळ गाव पाटण तालुक्यात. त्यामुळं जमिनीत भोक पाडायचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रानं भू-औष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण आणलं. म्हणजे जमिनीच्या पोटातली उष्णता वापरून वीज करायची, नाहीतर ती उष्णता तशीच वाळवणीला, शीतगृहाला वापरायची. देशात गरम पाण्याचे 381 झरे नोंदलेत आणि अंदाज 10,600 मेगावॅटचा आहे. ते आल्यापासून आमच्या गावच्या ग्रुपवर "आता कोयनेखाली वीज" असले मेसेज फिरतायत. कृपा करून पुढं पाठवू नका. कोयना भागात गोठण्याजवळ 3 किलोमीटर खोल बोअर झालाय हे खरं आहे, पण तो भूकंपाच्या अभ्यासासाठी. सव्वा किलोमीटर आपला काळा दगड आणि त्याखाली ग्रॅनाइट, हे त्यातनंच कळलं. त्याचं काम बघणारी भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा इथं कराडजवळ हजारमाचीला आहे. गावात मात्र तेव्हा "तेल लागलंय" अशी बोंब होती. का? तर बाकी काही आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याची कुंडं, आहेत ती घाटाखाली. कुंभार्ली घाट उतरून गेलं की आरवली, तुरळ, राजवाडी, आणि पार खाली राजापूरचं उन्हाळे. वडिलांच्या गुडघ्यासाठी गेल्या थंडीत तुरळला गेलो होतो. सकाळी पाण्यावर वाफ, काठावर ओल्या धोतरांची रांग. वडिलांनी आधी अंगठा बुडवला, "आयला" म्हणाले आणि बाहेर काढला. मग पाच मिनिटांनी पोटरीपर्यंत, आणि मग तासभर हलेनात. उद्या तिथं कुणी रिग घेऊन आला आणि कुंडाचं पाणी कोमट झालं, तर त्या गावानं कुणाकडं जायचं? जपानमध्ये जमिनीखाली प्रचंड उष्णता आहे, पण गरम पाण्याच्या झऱ्यांवर ज्यांची पोटं चालतात त्यांनी वर्षानुवर्षं हाच प्रश्न धरून ठेवलाय. तिथं त्यांना अडाणी कुणी म्हणत नाही.

आणि हादऱ्यांचं काय? ही गोष्ट कोयनेच्या माणसाला जास्त कळेल. स्वित्झर्लंडमध्ये बासेल म्हणून शहर आहे. 1356 साली तिथं मोठा भूकंप झालेला, आपल्या कोयनेच्या 1967 च्या भूकंपासारखी ती आठवण त्यांच्यात मुरलेली. 2006 मध्ये तिथं अशाच विजेसाठी 5 किलोमीटर खोल बोअरमध्ये दाबानं पाणी सोडलं, खालचा खडक फोडायला. डिसेंबरात 3.4 चा धक्का बसला. 3.4! आमच्याकडं त्याला कपातला चहा सांडत नाही. पण तिथं लोक भडकले, काम थांबलं आणि 2009 मध्ये प्रकल्प गुंडाळला. त्याच देशात सेंट गालन शहरात 2013 मध्ये 3.5 चा धक्का बसला, म्हणजे बासेलपेक्षा थोडा मोठाच. तिथं तसा संताप उसळला नाही. एक मोठा फरक असा की सेंट गालनच्या लोकांनी 2010 मध्येच मतदान करून "करा" म्हणून सांगितलं होतं. तो प्रकल्प नंतर बंद पडला, पण लोकांमुळं नाही, मुख्यतः खाली पाणीच पुरेसं लागलं नाही म्हणून. आमच्या धंद्यात ह्याला कोरडा बोअर म्हणतात, त्यावर कुणी रुसत नाही.

दक्षिण कोरियातल्या पोहांगचं मात्र वाचून अंगावर काटा आला. नोव्हेंबर 2017 मध्ये 5.5 चा भूकंप. सरकारनंच नेमलेल्या समितीनं 2019 मध्ये सांगितलं की भू-औष्णिक प्रकल्पात सोडलेल्या पाण्यानं तो घडवला. त्याआधी एप्रिलमध्ये 3 च्या वरचा धक्का बसला होता, तरी पुढं पाणी सोडणं चालूच राहिलं. पाण्यानं जमीन हलते हे आपल्याला नवीन आहे का? धरण भरलं आणि 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 6.3 चा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. जगभरच्या भूकंपशास्त्रात कोयनेचं नाव त्यासाठीच घेतात. अजूनही छोटा धक्का बसला की पेपरात चार ओळी येतात, केंद्रबिंदू अमुक किलोमीटरवर, धरणाला धोका नाही. वडील दर वेळी विचारतात, "आन् घरांना?"

मी ह्या विजेच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. वांकुसावड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या वारं पडलं की नुसत्या उभ्या असतात, सोलर रात्री झोपतो, ही उष्णता चोवीस तास असते. माझं भांडण विचारण्याच्या पद्धतीशी आहे.

मागं एका प्रकल्पाच्या जनसुनावणीला गेलो होतो, कुठल्या ते राहू दे. मांडव, कुलर, बाटलीबंद पाणी. पुढच्या चार रांगा बाहेरनं आणलेल्या माणसांनी भरलेल्या, गाववाले मागं उभे. जाडजूड अहवाल इंग्रजीत, मराठी सारांशाच्या दोन प्रती, त्यातली एक साहेबांच्या पुढ्यात. एका म्हातारीनं विचारलं, "पाणी कुठनं घेणार?" उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." तिनं परत विचारलं, "ते लिवलंसा, पण घेणार कुठनं?" परत तेच, नोंद घेतली आहे. त्या दिवशी सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न तिचाच होता.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा साताऱ्याला लागू नाही, त्यामुळं ग्रामसभेच्या ठरावाचं वजन समोरच्याच्या मनावर. म्हणून मागण्या आधीच ठरवून ठेवाव्यात. गाडी यायच्या आधीच विहिरींची, झऱ्यांची पातळी आणि तापमान गावासमोर मोजून लिहायचं. हादऱ्यांचे आकडे त्याच दिवशी, मराठीत, पंचायतीच्या फळ्यावर. किती रिश्टरला काम थांबणार आणि थांबवायचा अधिकार कुणाचा, हे सही होण्याआधी. भिंतीला तडा गेला तर तो ह्या कामानं गेला नाही हे कंपनीनं सिद्ध करायचं, घरमालकानं उंबरे झिजवायचे नाहीत. आणि उष्णतेतला वाटा गावाला, नुसती वीज मुंबईला नको. कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनीसुद्धा पुनर्वसनासाठी ठिय्या देऊन बसतात, तेव्हा "नंतर बघू" हे आमच्यापुढं कुणी म्हणू नये.

दिवाळी झाली की वडिलांना घेऊन परत तुरळला जायचंय. तिथल्या चहावाल्याला विचारणार आहे, कुणी मोजमापाला येऊन गेलं का, आणि आलं असेल तर काय सांगून गेलं.